अतिविषाच्या बरणीतली खोट

आमी मूळचे पातूरचे, जातीचे अत्तार, म्हंजे जडीबुटी इकनारे, माहा बाप डोंगरातून मुळ्या आनायचा अन् मी सुकवायचो, मंग मी अकोल्याले आलो, बजारात दुकान टाकलं, मोठा भाऊ तथीच रायला. आता काय सांगू मास्तर तुमाले, तुमी लिवून राहिले म्हनून सांगतो, नाईतं हे मी आजवर कोनाजवळ बोललो नाई.

मले एकच लेक, जैनब. तिची माय लवकर गेली. तवा विलायतेले आपल्या कापसाची अशी भूक लागली होती का वऱ्हाडात जिकडं पाहा तिकडं कापूसच, आगगाडी बी नवीनच आलती, अन् कापसातली सरकी काढाचे रेचे चालवाले, गाठी बांधाले खेड्यापाड्यातून बाया येऊन राहिल्या होत्या. त्या बाया आजारी पडत, दुकानासमोर येऊन उभ्या राहत, पन माह्यासारख्या दाढीवाल्याले अंगातलं दुखनं सांगाले लाजत. म्हनून मी जैनबले शिकवाले घेतलं. लोक म्हने, पोरीच्या हाती तागडी देता का उस्ताद? मी म्हनलं, देतो, तुमच्या बापाचं काय जाते?

अन् पोट्टी कशी शिकली म्हनता! आधी इच्यारायचं, मंग तागडी उचलायची, हा माहा कायदा. ताप कितव्या दिवसाचा, लेकरू किती महिन्याचं, हगवन कोन्या रंगाची, सारं इच्यारायची, बाईच्या खांद्यावर हात ठेवून इच्यारायची. मले ते कधी जमलं नाई. कुटायचं किती, वस्त्रगाळ कवा करायचं, उगाळतानी सहाणीवर वेढे किती द्यायचे, सारं दोन वर्सांत तिच्या हातात बसलं. खोटं काहून बोलू, मले तिचा गर्व झालता.

आता ते खोटेचं सांगतो. आमच्यात एक रीत हाय, माह्या उस्तादानं मले तसंच शिकवलं. जुम्मेरातीले उस्ताद कोन्या तरी बरणीत एक चुकीची वस्तू टाकून ठेवते, तिले आमी खोट म्हनतो, अन् चेल्यानं ती दिवस बुडाच्या आत हुडकून काढायची. ज्या दिवशी खोट, त्या दिवशी उस्ताद दुकानातून हालत नाई, बरणीवर नजर ठेवून बसते. उस्ताद उठून गेला म्हंजे खोट नाई, असं चेल्यानं धरून चालायचं. जैनबनं माही एक बी खोट सोडली नाई.

मंग मले वाटलं, आता शेवटली परीक्षा घ्यावी, पास झाली का दुकान तिच्या हवाली. अतिविषाची मुळी तुमी पायली असन, लेकरायले ताप-हगवनीत देतेत, आतून पांढरी, कडू. तिची सख्खी बहीन बचनाग, निव्वळ जहर, जिभेले लागला का जीभ बधिर होते. मी बचनागाची एक मुळी छिलली, खडू चोळून पांढरी केली अन् अतिविषाच्या बरणीत टाकली. जहर टाकलं मास्तर मी. मस्ती आलती मले, दुसरं काय?

बरणी जागेवर ठेवली न ठेवली तं पातूरचा मानूस आला, म्हने तुमचा भाऊ कड्यावरून पडला, शुद्ध नाई, चला. मी तसाच निंगालो. दहा कोस वाट, डोक्यात फक्त भाऊ. तथी सांजच्याले भावानं डोये उघडले, पानी मांगतलं, अन् त्याले पानी पाजता पाजता मले बरणी आठवली. घोडं पायलं, तट्टू पायलं, सारे कापसाच्या दलालायनं धरलेले, गाड्या शेंड्यापर्यंत भरलेल्या. पायी निंगालो, सकाळी अकोल्यात पोचलो.

दुकानासमोर मानसं. आत गंगू, रेच्यावरची बाई, मांडीवर आठ महिन्याचं लेकरू, तोंडावरून झाकलेलं. जैनबनं सारं इच्यारलं होतं, फक्त मुळी मोडून जिभेले लावली नव्हती, कारन बाप गावाले गेलता. माह्यावर इस्वास ठेवला पोट्टीनं, दुसरी चूक नाई तिची. तिच्या हातात ती उगाळलेली मुळी होती, तिनं नखानं खरवडली, खडू निंगाला, अन् तिनं माह्याकडं पायलं. तिले समजलं. कोनी तरी म्हनलं, उस्ताद, हे कोनं केलं? अन् मी म्हनलं, पोरीची चूक झाली.

एवढंच बोललो. ती म्हनली, हो, माह्याच हातानं झालं.

दुकान बंद बी नाई पडलं. लोक म्हने उस्ताद खरा, पोरीच्या भरवशावर सोडलं म्हनून झालं. जैनबनं फिरून तागडीले हात लावला नाई. मी तिचं लगन तेल्हाऱ्याले करून देलं, वाटलं दूर गेली का विसरन. पन अशी गोष्ट मानसाच्या आधी पोचते. मांगल्या महिन्यात गेलतो, तिले आता लेकरू झालं, लेकराले गुटी द्याची वेळ आली तं सासूनं तिच्या मांडीवरून लेकरू उचललं अन् आतल्या खोलीत नेऊन दाराची कडी लावली. रोजच लावते म्हने. जैनब भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मले गूळपानी इच्यारलं, तब्येत इच्यारली, त्या दिवसाचं अवाक्षर नाई.

काल मी गंगूच्या झोपडीत गेलो. सारं सांगतलं, हात जोडले. मले वाटलं मारन, थुकन. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मंग म्हने, येवढी वर्सं मी तुमच्या पोरीले रोज शिव्या देल्या, उस्ताद, रोज सकाळी उठून, तिची कूस उजवू नये म्हनून देल्या, आता त्या मी कशा वापस घेऊ?

मास्तर, हे जसं बोललो तसं लिवा, माही बाजू सावरू नका. उद्या मी तेल्हाऱ्याले जातो, तुमी बी चाला, सासूच्या समोर वाचून दाखवा, माही जीभ ऐन वक्ताले पलटी मारते, एकडाव मारली हाय. जैनब मले बाप म्हनो न म्हनो. अल्ला करो अन् तिचं लेकरू तिच्या हातचं औषध पिओ.