चेंडू कोण वेचतं?

टेनिसवरच्या मांगाचा, म्हणजे जपानी चित्रकथेचा, एकेचाळिसावा भाग आला आणि सेंदाई शहरातल्या पुस्तकांच्या दुकानात ही भली मोठी रांग लागली. माझ्यापुढे चिगुसा नावाची मुलगी आणि तिची मैत्रीण.

"चिगुसा, टेनिस क्लब सोडायचा अर्ज लिहिलास म्हणे?"

"लिहिला. एप्रिलपासून वरच्या वर्गातल्या तायांचे चेंडू वेचतेय. रॅकेटला हात लावू देतील तर शपथ!"

"आणि तुझा हा चित्रकथेतला हिरो पहिल्याच दिवशी कॅप्टनला लोळवतो."

"हो ना!"

"मग त्याचे चेंडू कोण वेचतं गं?"

"...ते काढलेलंच नाही."

"काढतील कशाला? तुला कोण बघणार?"

"गप गं. अर्ज देणारच आहे. ह्या पुस्तकातला सामना संपू दे फक्त."

"अगं, हा सामना आपण पाचवीत असल्यापासून चाललाय! टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये तर चेंडू अजून हवेतच आहे. वेच बाई, वेच!"