शंभरातल्या चाळीस

(प्रयोगशाळा. टेबलावर सहीसाठी उघडून ठेवलेला प्रबंध. कोपऱ्यात पंपापाशी काम करणारे काका.)

सर : ते शेवटचं प्रकरण काढून टाक, मी आत्ता सही करतो.

विद्यार्थिनी : नाही काढणार, सर.

सर : पाच वर्षं घासलीस आणि आता सहीच्या वेळी हट्ट?

विद्यार्थिनी : प्रबंधाचं शीर्षकच म्हणतं, आपल्या पद्धतीनं बनवलेल्या पॉलिमरच्या सगळ्या साखळ्या जिवंत राहतात. पुन्हा मोनोमर, म्हणजे साखळीच्या सुट्या कड्या, घाला, पुन्हा वाढतात. मी घातला. शंभरातल्या चाळीस हलल्यासुद्धा नाहीत.

सर : बाटलीत हवा शिरली असेल. ऑक्सिजन लागला की साखळीच्या वाढत्या टोकाचा, रॅडिकलचा, खेळ खलास, हे पहिल्या वर्षाची पोरंही सांगतील. तुझा हात अजून कच्चा आहे.

पंपवाले काका : साहेब, मध्ये तोंड घालतो, माफ करा. बाटली मी जोडली होती. तीनदा गोठवली, तीनदा पंपानं हवा ओढली. ताईंनी चौथ्यांदा ओढायला लावली. मी वैतागलो होतो त्यांच्यावर.

सर : काका, तुम्ही तुमचा पंप बघा.

काका : तोच बघतोय साहेब, बावीस वर्षं.

सर : बरं, मग कशानं मेल्या?

विद्यार्थिनी : आपल्या सवयीनं. इथं मोनोमर पार संपेपर्यंत कुणी बाटली उतरवत नाही. माल भरपूर निघाला की सगळे खूश! पण मोनोमर संपत आला की साखळ्यांना जोडून घ्यायला काही उरत नाही. मग त्या एकमेकींनाच भिडतात आणि कायमच्या बंद पडतात. मी सत्तर टक्के मोनोमर संपल्यावरच थांबवून पाहिलं, तेव्हा जवळजवळ सगळ्या पुन्हा वाढल्या.

सर : म्हणजे माझं वीस वर्षांचं काम खोटं?

विद्यार्थिनी : खोटं नाही. तुम्ही साखळ्यांची लांबी मोजलीत, ती सारखीच भरते. त्या जिवंत आहेत का, हे मात्र कुणी बघितलंच नाही. धरून चाललो आपण.

सर : जीभ आवर. माझ्या सहीशिवाय हा गठ्ठा रद्दी आहे, रद्दी!

विद्यार्थिनी : माहीत आहे.

सर : मग?

विद्यार्थिनी : मग असू दे रद्दी. प्रकरण राहील.

काका : ताई, जरा दमानं घ्या.

विद्यार्थिनी : दमानंच घेतेय, काका.

सर : तुझ्या आईनं म्हणे गल्लीभर सांगून ठेवलंय, मुलगी या महिन्यात डॉक्टर होणार. तिला काय सांगशील?

विद्यार्थिनी : सही मिळत होती, मी घेतली नाही.