सालीसकट

बायको: …धाकटीचं लग्न झालं त्याच साली तुम्हाला साखर निघाली. तेव्हापासून पथ्य सांभाळतेय मी. आणि आज रिवेटांचा डबा उघडते तर काय? वर रिवेट, खाली गोळ्या!

पेटीवाला: दुकानातल्या डब्याला हात कशाला लावलास?

बायको: लावला! साखरेच्या गोळ्या, छातीच्या गोळ्या, सगळ्या तिथे. कधीपासून बंद केल्यात?

पेटीवाला: ओरडू नकोस.

बायको: ओरडले नाही तर तुम्हाला ऐकू येतं का? पेट्या ठोकून ठोकून कानाचाच पत्रा झालाय!

धाकटी: आई, हळू. बाहेर गिऱ्हाईक उभं आहे.

बायको: असू दे. पेटी घ्यायची तर घे म्हणावं, नाहीतर तमाशा बघ. फुकट आहे.

पेटीवाला: गोळ्या खाऊन आता काय होणार आहे? सरळ बोल ना.

बायको: काय बोलू?

पेटीवाला: नको बोलूस. आतल्या गाठीची आहेस तू. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. विषय संपला.

धाकटी: बाबा, काय माहीत आहे?

पेटीवाला: तुझ्या आईला विचार. मरायला टेकलेल्या माणसाला लोक चांगलंचुंगलं खायला घालतात. ही काय घालते? साली! दवाखान्यातून आलो त्या संध्याकाळपासून. सफरचंद सालीसकट, वांगं सालीसकट. शेंगदाण्याची फोलकटंसुद्धा पाखडत नाही. मी काय शेळी आहे? वर तो काळा, बिनसाखरेचा चहा. जीभ तुरट होऊन बसते. म्हटलं, माणूस जाणारच आहे, तर हिनं आत्तापासूनच काटकसर सुरू केली!

बायको: जाणार? कुठे जाणार?

पेटीवाला: वर!

बायको: अहो, आहाराच्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं, साली खायला घाला म्हणून. त्यात असतं ना ते… काय गं ते?

धाकटी: पॉलिफिनॉल.

पेटीवाला: फिनेल? आता फिनेल पाजणार मला?

धाकटी: फिनेल नाही हो! फळाला गडद रंग असतो, चहा तुरट लागतो, त्यात असतं ते. साखरेच्या माणसाच्या रक्तवाहिन्या खराब होतात, हृदयावर ताण येतो. तिथे याची थोडी मदत होत असावी, असं म्हणाल्या त्या. थोडी. आणि गोळ्यांच्या जोडीला, गोळ्यांच्या ऐवजी नाही. मी होते ना आत!

पेटीवाला: तू मला नको शिकवूस. मीही तिथेच होतो. माझ्या कानांनी ऐकलंय मी.

बायको: कुठल्या कानानं?

पेटीवाला: कर, टिंगल कर. मी दाराशी चपला घालत होतो. ती बाई तुला हळूच सांगत होती. हृदयाचं काहीतरी म्हणाली, आणि मग म्हणाली, 'साल काढायचं नाही.' यांचं हृदय हे साल काढायचं नाही! आणि तू? मान डोलावलीस. 'बरं बरं' म्हणालीस! डोळ्यांत टिपूस नाही. वाटेत भाजीवाल्याशी वांग्यांसाठी घासाघीस केलीस!

धाकटी: बाबा…

पेटीवाला: काय बाबा?

धाकटी: 'काढायची' म्हणाल्या त्या. साल काढायची नाही. सफरचंदाची. हृदयाला बरी असते, म्हणून काढायची नाही.

पेटीवाला: …काढायची?

धाकटी: ची.

पेटीवाला: मग ते मला कुणी समोर बसून सांगितलं का नाही? मी काय तिथे पिशवी धरायला आलो होतो?

बायको: आता उलट्या बोंबा! एका अक्षरावर मरायला निघालात! गोळ्या टाकल्यात. पत्रा कापायची मोठी कात्री शेजारच्या दुकानदाराला देऊन टाकलीत, आणि मला सांगितलंत धार लावायला दिली! हे साल शेवटचं, असं वाटलं तुम्हाला, आणि एका शब्दानं माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही?

पेटीवाला: मला वाटलं, तुला माहीत आहे.

बायको: माहीत असून मी वांग्यांचा भाव करत होते? इतकी वर्षं एका छपराखाली काढली, आणि हेच ओळखलंत मला?

पेटीवाला: झोप लागायची नाही. तुझ्याकडे बघत पडायचो. तू खुशाल घोरत असायचीस.

बायको: घोरू नको तर काय करू? मला काय माहीत शेजारचा माणूस मरतोय!

धाकटी: आई, तू हसतेस की काय?

बायको: हसत नाहीये मी! अंगाचा तिळपापड झालाय माझ्या. उठा. चपला घाला. गोळ्या बंद केल्या होत्या, हे डॉक्टरांना तुम्ही तुमच्या तोंडानं सांगायचं. मी एक अक्षर बोलणार नाही.

पेटीवाला: हसतील ते.

बायको: हसू देत. हसण्यासारखंच केलंय तुम्ही.

पेटीवाला: आणि… जिना चढताना छाती जड होते. ते पण सांगू?

बायको: कधीपासून?

पेटीवाला: झाले काही दिवस. म्हटलं, व्हायचीच जड.

बायको: म्हटलं! कुणाला म्हटलंत? पत्र्याला?

धाकटी: आई, पुरे. मी गाडी बोलावते. बाबा, बसा खाली, चालू नका.

(पाच वर्षांनी. धाकटीची मुलगी शाळेत जायला लागली ते साल. दुकानाचं दार ओढून घेतलेलं आहे.)

धाकटी: आई, दवाखान्यातून फोन आहे. बाबा तपासणीला का आले नाहीत, विचारतायत. काय सांगू?

बायको: गेले म्हणून सांग. मंगळवारी पहाटे. हृदयानंच गेले. गोळ्या चालू होत्या, हेही सांग. एकही चुकवली नव्हती.

धाकटी: बरं.

बायको: आणि म्हणावं, मला हलवून उठवलं त्यांनी. म्हणाले, 'छातीत दुखतंय गं.' सांगितलं त्यांनी मला.