बिनमाशाची वाटी

अराबा : नाही, मी बसायला आलेली नाही. उभ्या उभ्याच विचारते. तू त्या मार्वाला सांगितलंस ना?

बेंत्सिवा : आधी दारातून बाजूला हो बाई, चुलीला वारा लागतोय. काय सांगितलं?

अराबा : वेड पांघरू नकोस, मावशी. काल विद्यापीठात भरल्या सभागृहात तिनं तुझं रेकॉर्डिंग लावलं, तुझा आवाज ऐकला मी. "ह्या घरात उत्तरेकडून विकत आणलेली एक पोर होती..." तुझाच खोकला होता. मागे तुझीच कोंबडी ओरडत होती.

बेंत्सिवा : मेली बिचारी ती कोंबडी.

अराबा : लोक टाळ्या वाजवत होते. मी पहिल्या रांगेत बसले होते, मलाही वाजवाव्या लागल्या. शेजारचे सर वाकून म्हणतात, "अराबा, हे तुमच्याच घरातलं ना? तुम्हाला कसं नाही मिळालं?"

बेंत्सिवा : मग तू काय म्हणालीस?

अराबा : काय म्हणणार? हसले. बारा वर्षं मी ह्या किनाऱ्यावर हेच काम करतेय. घराघरात विकत आणलेल्या बायका कुठून आल्या, त्यांची पोरंबाळं कुठे गेली. परक्या गावातल्या म्हाताऱ्या माझ्याशी बोलल्या. आणि माझ्या घरची ही मावशी, आईची लांबची बहीण, प्रत्येक वेळी काय म्हणायची? "आठवत नाही गं."

बेंत्सिवा : वय झालं माझं.

अराबा : चार दिवस राहिलेल्या पोरीसमोर बरं आठवलं. तेही इंग्रजीतून.

बेंत्सिवा : शाळेत गेलेय मी. पोरगी गुणाची आहे. आली, देवांना दारू वाहिली, पायाशी बसली, आधी स्वतःची हकिकत सांगितली आणि मग विचारलं.

अराबा : मीही दर वेळी बाटली आणायचे.

बेंत्सिवा : चांगली असायची.

अराबा : हस तू. मला रात्रभर झोप नाही. हो, जळते मी, तोंडावर सांगते. ती समुद्रापलीकडून येते, जमैकाहून, रडवेला चेहरा करून दारात उभी राहते आणि तुम्ही सगळे विरघळता. घरची लेक म्हणजे काय, रोजचीच.

बेंत्सिवा : झालं बोलून? बस आता. शेंगदाण्याचा रस्सा केलाय. मासा टाकायच्या आधीच तुझी वाटी बाजूला काढलीय.

अराबा : नको मला रस्सा.

बेंत्सिवा : कोळ्यांच्या गावात जन्मलीस आणि माशाच्या वासानं उलटी काढतेस. अगदी आईवर गेलीस.

अराबा : विषय बदलू नकोस. तू नियम मोडलास. आपल्या घरात कुणी कुणाचं मूळ सांगत नाही. सांगितलं तर मेंढीचा दंड आहे. मग तुझी मेंढी कुठाय?

बेंत्सिवा : मी नाव घेतलं का? कुणाची आई, कुणाची आजी, म्हटलं का काही? नाव नसलं की ती नुसती गोष्ट. परक्या पोरीला गोष्ट सांगितली. ती घेऊन जाईल विमानातून.

अराबा : मग मला नाव सांग. तिच्याकडे गोष्ट आहे, माझ्याकडे नाव असू दे. निदान माझा लेख तिच्यावर मात करील.

बेंत्सिवा : नाही सांगणार.

अराबा : का? मी परकी आहे का?

बेंत्सिवा : परकी असतीस तर सांगितलं असतं.

अराबा : हे काय उत्तर झालं?

बेंत्सिवा : मंगळवारी होड्या समुद्रावर जात नाहीत. सगळे पुरुष घरी असतात. त्या दिवशी माझ्यामागे घराची थोरली कोण ते ठरवणार आहेत. सगळ्यांच्या तोंडी तुझं नाव आहे. तेवढं होऊ दे नीट. लेखबिख मग लिही.

अराबा : त्याचा इथे काय संबंध?

बेंत्सिवा : माझ्या म्हातारपणाशी संबंध आहे. कोण आलंय बघ दारात.

मार्वा : आजी, येऊ का? अरे, ताई, तुम्हीसुद्धा इथे? बरं झालं. काल सभेनंतर तुम्हाला शोधत होते, तुम्ही लगेच निघालात.

अराबा : डोकं दुखत होतं.

मार्वा : तुमचंच पुस्तक वाचून मी ह्या विषयात आले. हे काल व्यासपीठावर सांगायचं राहून गेलं. घाबरले होते.

अराबा : राहू दे. टाळ्या तर मिळाल्या.

मार्वा : ताई, रागावलात का माझ्यावर?

बेंत्सिवा : रागावली नाही, भुकेली आहे. तू बस, पानातली ही मक्याची केंकी सोल.

मार्वा : खरं सांगू? मलाच तुमचा हेवा वाटतो. माझ्या घराण्यात वर वर जात गेलं की एका बाईशी सगळं थांबतं. नाव क्वाशेबा, म्हणजे रविवारी जन्मलेली. झालं. त्याच्यामागे गुलामांचं जहाज आणि पाणी. तुम्हाला तर दार आहे, अंगण आहे, ही मावशी आहे.

अराबा : मावशीचं कौतुक मला सांगू नकोस.

मार्वा : काल वेळ संपली म्हणून सगळ्यात सुंदर भाग ऐकवायचा राहिला. ती पोर समुद्र न पाहिलेल्या मुलखातली. तिनं जन्मात मासा तोंडात घातला नाही. घरात हसायचे तिला. आणि आजी म्हणाल्या, तिनं घातला नाही, तिच्या लेकीनं घातला नाही, नातीनंही नाही. किती पिढ्या गेल्या, मुलूख विसरला, भाषा विसरली, पण जिभेनं काही सोडलं नाही. ताई, असं काही मला माझ्या क्वाशेबाचं मिळालं असतं तर मी नाचले असते.

बेंत्सिवा : मार्वा, हात धुऊन ये आधी. त्या कोपऱ्यात रांजण आहे.

(मार्वा अंगणाच्या टोकाला हात धुवायला जाते.)

अराबा : मावशी.

बेंत्सिवा : रस्सा निवतोय.

अराबा : माझी आजी मासा खात नसे.

बेंत्सिवा : पुष्कळ लोक खात नाहीत. अंगावर पुरळ येतं.

अराबा : तिला पुरळ येत नव्हतं. ती वाटी बाजूला काढायला लावायची. तूच काढायचीस.

बेंत्सिवा : मी काही म्हटलेलं नाही, अराबा. मी कधीच कुणाचं मूळ सांगितलं नाही.

अराबा : विकत आलेल्या बाईच्या वंशातली घराची थोरली होत नाही.

बेंत्सिवा : पुरुषांना कळलं तर होत नाही. आणि सांगणारं कोण उरलंय? मी एकटी. मला काही आठवत नाही.

अराबा : म्हणून बारा वर्षं...

बेंत्सिवा : तू आलीस की मी मुद्दाम विसरायचे. वाटायचं, आज ही पोर खोदत खोदत स्वतःच्याच अंगणात येणार. मार्वाला सांगितलं ते एवढ्याचसाठी. कुणालातरी सांगून मोकळं व्हायचं होतं मरायच्या आधी. तिच्या तोंडी ती नुसती गोष्ट राहते. तुझ्या हाती आली तर तुझी जागा जाते.

अराबा : आणि मी तिच्यावर जळत होते.

बेंत्सिवा : अजूनही जळतेयस. चेहरा बघ.

अराबा : हो. माझी पणजी मला तिच्या तोंडून ऐकावी लागली. ह्यापायी मी मरेपर्यंत जळेन.

बेंत्सिवा : जळ हवं तेवढं, पण मंगळवारपर्यंत गप्प बस. आज तिच्यासमोर जेवू नकोस. भूक नाही म्हण आणि जा घरी.

(मार्वा हात धुऊन परत येते.)

मार्वा : आजी, मी एक विचार करत होते. त्या बाईच्या वंशातलं कुणी घरात असेलच ना अजून? तुम्ही नाव सांगणार नाही, माहीत आहे. मी नाही विचारणार. पण ताई, तुम्ही इथल्याच, तुम्हाला काही अंदाज?

बेंत्सिवा : तिला काही माहीत नाही. ती निघालीच होती.

अराबा : मावशी, नियम नेमका काय आहे? दुसऱ्याचं मूळ सांगू नये, एवढाच ना?

बेंत्सिवा : अराबा, घरी जा.

अराबा : एवढाच ना?

बेंत्सिवा : एवढाच.

अराबा : मग माझी वाटी इकडे दे.

बेंत्सिवा : नीट विचार कर, बाई. ती जागा पुन्हा मिळत नाही.

अराबा : दे. तुझ्या हातानं दे.

मार्वा : ताई, तुमच्या वाटीत मासा घालायचा राहिला वाटतं. थांबा, माझ्यातला देते.

अराबा : नको. आमच्याकडे कुणीच खात नाही. आई नाही, आजी नाही, तिची आईही नाही. वही काढ.

मार्वा : ताई...

अराबा : काढ, लिहून घे. आणि हे मावशीनं नाही, मी सांगितलंय, असं लिही.