पोळीएवढी अक्षरं

तापीकाठच्या आमच्या शहरात, लालबाग भागातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्यासमोर दोघी नंबरची वाट पाहत होत्या. एक शहरातल्याच शनवारा मोहल्ल्यातल्या रिटायर झालेल्या मास्तरीणबाई, दुसऱ्या जवळच्या निंबोला गावच्या धुरपदाबाई.

"नजर अधू झाली अन् माझं लिहिणं सुटलं, धुरपदाबाई. लहानपणच्या आठवणी अर्ध्यातच राहिल्या. दोन वर्षं नुसती बसून होते."

"मंग?"

"मुलीनं कम्प्युटरची वायर मोठ्या टीव्हीला जोडून दिली. एकेक अक्षर पोळीएवढं!"

"काय सांगता बाई! दिसतं बराबर?"

"मला दिसतं, अन् गल्लीपलीकडच्या आशाबाईंनाही दिसतं. खिडकीतून रोज वाचत होत्या, मला पत्ताच नाही."

"अगं माय! सगळं वाचलं?"

"सगळं! एके दिवशी मी तापीच्या पुरात सापडले तिथपर्यंत लिहिलं अन् टीव्ही बंद केला. तर तिकडून ओरडल्या, 'अहो, बंद काय करता? पोरगी वाचली का नाही?'"

"मंग तुमी पडदा लावला असंल."

"पडदा कशाला? टीव्हीच थोडा खिडकीकडे वळवला. आता रोज सकाळी त्या चहा घेऊन खुर्ची टाकतात, अन् मला लिहायला बसावंच लागतं."

"बाई, त्यांच्या खिडकीत आनखी एक खुर्ची मावंल का?"