पिनीभवतीची तार

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष विजयसिंहसाहेब, मंचावरच्या मीनाक्षी मॅडम, हापिसातली समदी मंडळी, आणि मागं भिताडाला टेकून हुबारलेली पावणं, तुमास्नी माझा नमस्कार. 'सन्माननीय' म्हणायचं ऱ्हायलंच. समद्यांच्या नावाम्होरं लावून घ्या.

मी मोना. आज जिला निरोप द्यायला जमलायसा, त्या अनुजाताईची धाकटी भन. नववीतनं शाळा सोडली. वर्गात हुबं ऱ्हाऊन बोलायचं म्हटलं की मी खालीच बसायचो. आता आईसंगं हितंच शाहूपुरीत हाराच्या दुकानात बसतो. झेंडू काय प्रश्न इचारत न्हाईत. काल ताईच म्हणाली, "घरातलं कुणीतरी दोन शब्द बोला." आईनं माझ्याकडं बघितलं. आईला न्हाय म्हणायला जमतंय व्हय?

तर ताईचं कौतुक. सरकारनं कर्मचाऱ्यांसाठी आगीपासनं बचावाचं प्रमाणपत्र काढलं. ऐच्छिक. ह्या हापिसातनं एकट्या ताईनं फॉर्म भरला. पिराजीमामा, हापिसाचं शिपाई तुमी, तुमीच इचारलं हुतं न्हवं, "बाई, पगार वाढतोय का?" "न्हाय मामा." "मग बंब यायचा त्यो यील की! तुमी कशाला जळताय?" हसा, हसा. मामा बी हसाय लागल्यात.

रोज सांजच्याला मी हार ववायचो आणि ताई मला प्रश्न इचाराय लावायची. पुस्तक माझ्या मांडीवर, उत्तरं तिची. महिन्याभरात माझी बी पाठ झाली. आग विझवायच्या सिलिंडरची पिन वढायची, नळी जाळाच्या बुडाला धरायची, दांडा दाबायचा, झाडू मारल्यागत फिरवायची. ती अडली की मी सांगायचो. एकदा म्हटलं, "ताई, मी बी बसू का परीक्षेला?" तर म्हणाली, "येडे, फकस्त राज्य शासकीय कर्मचाऱ्यांस्नी हाय ते." फॉर्मवर तसंच छापलंय, मी बघितलंय. ती खोटं बोलली न्हवती. पर हसली हुती.

प्रमाणपत्र आलं. आईनं देव्हाऱ्याशेजारी लावलं. मी रोज चाळीस हार ववतो, माझं काय लावलंय का कुणी भिताडाला?

मग खंडेनवमी आली. हितं समद्या हत्यारांची पूजा असती. कॉम्प्युटर, जीप, पंचिंग मशीन, आणि मामांच्या हट्टानं आग विझवायचा लाल सिलिंडर बी. हार आमच्या दुकानातलं, बांधायला मी आलतो. ताई समद्यांम्होरं म्हणाली, "मोने, सिलिंडरचा हार दोऱ्यानंच बांध. वेळ आली तर वढला की तुटाय पायजे." मॅडम कसल्या कौतुकानं बघत हुत्या तिच्याकडं! मला वाटलं, हार मी ववतो, आणि बांधायचं बी हीच शिकवणार? तोरणाची तार घितली, पिनीच्या कडीतनं दांड्याभवती दोनदा काढून पिळली, वर झेंडू पसरला. ताईनं लांबनं इचारलं, "दोऱ्यानंच न्हवं?"

"व्हय की."

तेवढ्यावर तिनं सिलिंडरच्या तपासणीच्या कार्डावर सही केली. भनीवर इस्वास. आणि पूजेचा हार सुकल्याबिगर कोण काढतंय?

पाचव्या दिवशी दुपारी रेकॉर्ड रूममधला बटनाचा बोर्ड पेटला. मी ताईचा डबा घिऊन दारातच हुतो. तिनं सिलिंडर उचलला, पिन वढली. यीना. फायली धराय लागल्या. तिनं झेंडू वरबाडला, तार दिसली. एकडाव माझ्याकडं बघितलं, आणि त्या तारंत बोटं घालून हिसका मारला. तार तुटली, तळवा बी फाटला. आग विझली. पाच टाकं पडलं.

खरं सांगू का? दवाखान्यात जो त्यो तिचा हात बघाय येत हुता, तवा मला त्या टाक्यांचा बी हेवा वाटला.

चौकशीत तिनं लिवून दिलं, 'पिन अडकली होती. तपासायची जबाबदारी माझी होती.' शेरा बसला, देखभालीत कसूर. तसला शेरा असला की प्रमाणपत्राचं नूतनीकरण हुत न्हाय म्हणं. घरात मला एका शब्दानं बोलली न्हाय ती. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. चांगुलपणात बी हिचाच पयला नंबर!

ताई, खुणा करू नगंस. खाली बसत न्हाय मी. शाळंत बसलो तेवढं बास झालं.

साहेब, उद्या ती बदलीवर पन्हाळ्याच्या हापिसात हजर हुणार. तिच्या आधी त्यो शेरा तिथं पोचू नये. तार मी बांधली. कागुद द्या, लिवून देतो. अक्षर वंगाळ हाय माझं, पर सही येती.

हेवा गेलाय असं समजू नगासा. आज शाल तिला, नारळ तिला, टाळ्या तिला. हितं बसल्या बसल्या मी टाळ्या मोजत हुतो.

एवढा येळ मला बोलू दिलंसा, उपकार झालं. बोलण्यात काय चुकलं असंल तर पोटात घाला. तारंची चूक तेवढी पोटात घालू नगासा, ती लिवून घ्या.

ताई, हा तुझा हार. दोऱ्यानं बांधलाय. ह्या डावाला माझ्या सांगण्यावर जाऊ नगंस. वढून बघ.