अभिलेखागारातल्या गाठोड्याची गाठ

"मी चोरला नाही" हे आधी लिहा, हवालदारसाहेब, मग बाकीचं. मागच्या वेळी तुम्ही ते शेवटी लिहिलंत आणि वरच्या साहेबांनी शेवटापर्यंत वाचलंच नाही. नाव वरच्या कागदावर आहे तेच. वय तेवीस. शिक्षण चौथी, तीही गुरुजींनी ढकलली म्हणून. धंदा उंच इमारतींना परांची बांधण्याचा. राहायला लांब, कामावरच्या पत्र्याच्या खोलीत; घर इथं, आईचं. समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

आमच्या घरांच्या ओळीमागची जागा ठेकेदारानं घेतली. आईचं घर त्याच्या हद्दीत येतं असं त्याचं म्हणणं. आईकडे कागद नाही. वडील गेले तेव्हा पेटीत औषधांच्या चिठ्ठ्याच निघाल्या. सरकारी अभिलेखागारात जुने नकाशे असतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मी रजा काढून आलो. मला वाचायला वेळ लागतो. थोरला भाऊ छापखान्यात आहे. तो म्हणाला, "तू शोध, मी वाचतो."

मी खिडकीवर जाऊन म्हणालो, "आमच्या आईचं घर पाहिजे." तिथल्या बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाळा, इथं कागद माणसाच्या नावानं नसतात. ज्या खात्यानं काढले त्याच्या नावानं असतात. तुमची वस्ती कुणी मोजली होती?" जमीन खात्याच्या सूचीत दादानं सकाळभर बोट फिरवलं, आम्ही कुठंच नव्हतो. मग मला आठवलं, नळ आला तेव्हा माणसं मोजणीची साखळी धरून दारावरून फिरली होती, असं आई सांगते. "पाणीवाल्यांनी मोजली," मी म्हणालो. बाई म्हणाल्या, "मग त्यांची सूची उघडा. शहाणा आहेस की."

बाईंनी माझ्या नावानं कार्ड काढून दिलं, गाठोडं त्यावरच मिळतं. पिशव्या बाहेर ठेवायच्या, शाई आत न्यायची नाही, फक्त शिसपेन्सिल. चिठ्ठी भरली की कापडात बांधलेलं गाठोडं येतं, एका वेळी एकच. आमच्या गाठोड्यात नळावरच्या भांडणांचे अर्ज होते, खणलेल्या चराचे फोटो होते. मला वाटायचं सरकार मोठ्या माणसांचेच कागद जपतं. खाली नकाशा निघाला. ओळीतलं प्रत्येक घर, त्यात आईचं, आणि दारापर्यंत आलेली नळाची तांबडी रेघ. ठेकेदाराची हद्द बरीच मागं. दादानं सगळं मोठ्यानं वाचलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

परत बांधताना मी सवयीनं परांचीची गाठ मारली, दोन वेढे आणि शेवट खाली दाबून. बाई ओरडल्या, "अरे, कागद आहेत ते, फाशी देतोस का? ओढली की सुटेल अशी बांध." दादा खूप हसला.

सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज दिला. ती मिळायला वेळ लागतो आणि माझी रजा संपली होती. नक्कल माझं कार्ड दाखवल्याशिवाय देत नाहीत. म्हणून कार्ड दादाकडे ठेवून मी कामावर गेलो. कार्डावर फोटो नाही.

नकलेसाठी तिथल्या लोकांनी गाठोडं उघडलं तर नकाशाच्या जागी कोरा कागद निघाला. मधे एकदा ते गाठोडं माझ्या कार्डावर कुणीतरी मागवलं होतं. त्या दिवशी खिडकीवर त्या बाई नव्हत्या, दुसरेच कुणी होते. बाईंनी गाठ बघितली आणि सांगितलं, "ही त्या परांचीवाल्याचीच." त्या खोटं बोलल्या नाहीत. गाठ आमचीच आहे.

काल तुम्ही गाठोडं माझ्यासमोर ठेवलंत तेव्हा मी पाणी मागितलं आणि नुसतं गाठीवरून बोट फिरवत बसलो. ते "आरोपी उडवाउडवीची उत्तरे देतो" असं लिहिलंय, ते खोडा. वेढे डावीकडून घेतले होते. मी उजव्या हाताचा. कामावर शंभर माणसं ही गाठ मारतात, पण या गावात ती मी एकालाच शिकवली, खाटेच्या दोरीवर. तो डावखुरा आहे म्हणून मला त्याच्यासमोर आरशासारखं बसावं लागलं होतं.

रात्री तुमच्या परवानगीनं मी दादाला फोन केला. विचारलं, "नकाशा कुठाय?" तो आधी म्हणाला, "जेवलास का?" मग म्हणाला, "ठेकेदाराच्या कपाटात. तो मला नव्या इमारतीत खोली देणार आहे. आईला नेईन की मी तिथं. त्या खोपटात काय पुरलंय?" मी म्हणालो, "आणि माझ्या नावावर चोरी?" तो म्हणाला, "तू तर तिकडंच असतोस. तुला इथं कोण विचारणार होतं?" फोन मी ठेवला.

त्या दिवशी मी कामावर होतो, मुकादमाकडे हजेरी आहे. पण ती दाखवली की कार्ड कुणाकडे होतं हे तुम्ही विचारणार. म्हणून स्वतःच सांगतो, दादाकडे. नकाशा अभिलेखागारातल्या लोकांच्या हाती परत जावा, आईचं घर त्यावर आहे. आईला हे मी सांगेन, तुम्ही शिपाई पाठवू नका.

हवालदारांनी लिहिलेलं सावकाश वाचलं, मी ऐकलं. बोललो तेच उतरलंय. एके ठिकाणी "आरोपी क्रमांक दोन" लिहिलं होतं, तिथं "दादा" करून घेतलं. ही माझी सही.

सहीखाली एवढं आणखी घ्या. दादाला आत घ्याल तेव्हा वहिनीला सांगा की पोरांची शाळा सोडवू नको. दर महिन्याला दादाला पाठवायचो ते आता तिच्या नावावर पाठवतो, चार हजार.